विचारायची लाज कशाला?

आमच्या कचेरीत ई-ऑफिस आले. पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याची नस्ती चुकून भलत्याच शाखेत गेली. साहेबांनी त्याला सर्वांदेखत झापले. त्या दिवसापासून कोणी काही विचारीना. जो तो आपला पासवर्ड शेजारच्या पोराला देऊन मोकळा!

दोष एकट्या साहेबांचा नव्हता. मीही मनात म्हणे, "मी बी.कॉम., वीस वर्षांची नोकरी. कालच्या पोराला काय विचारायचे?"

पुढे साहेब बदलले. नव्या बाई म्हणाल्या, "मलाही सगळे येत नाही. शुक्रवारी अर्धा तास एकत्र बसू." आवक-जावक पाहणाऱ्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "चुकून गेलेली नस्ती परत कशी घ्यायची?" तोच प्रश्न अर्ध्या कचेरीच्या पोटात होता. महिन्याभरात माझ्या नस्त्या मी स्वतः पाठवू लागलो.

केंद्र सरकारने २०२० मध्ये मिशन कर्मयोगी सुरू केले. मोबाईलवर अभ्यासक्रम, शेवटी प्रमाणपत्र. पण शिकलेले काम हाती मिळाले नाही, तर प्रमाणपत्र कपाटातच राहते. कारखान्यातही तेच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन मिळते; पण मिस्त्रीने नुसता चहाच आणायला लावला, तर यंत्र हाती कसे येणार? आणि मिस्त्री शिकवीत असताना पोराचेच लक्ष नसेल, तर मिस्त्री तरी काय करणार?

बंधू-भगिनींनो, बढतीच्या वेळी "मला कोणी शिकवले नाही" हे कोणी ऐकून घेत नाही. उद्या कामावर एक तरी प्रश्न विचारा. आणि नव्या माणसाने तुम्हाला विचारले, तर हसू नका.