वाढीव डावाचे मोल

सोलापूरहून मंगळवेढ्याच्या वाटेवर, चाळीसेक किलोमीटरवर, भीमेच्या काठी माचणूरचा किल्ला उभा आहे. याच परिसरात, ब्रह्मपुरीला, १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी होती. मराठ्यांचे गड घेण्यासाठी बादशहा तेथून निघाला. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि राज्याची धुरा महाराणी ताराबाईंनी खांद्यावर घेतली. नेमक्या याच १७०० साली ‘एम्पायर : टोटल वॉर’ या संगणकीय खेळाचा डाव सुरू होतो. २००९ साली बाजारात आलेल्या या डावपेचांच्या खेळात मराठ्यांची सत्ताही निवडता येते. सोलापुरातल्या एखाद्या नववीतल्या मुलाने ती निवडली, तर तो आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाच्या ऐन वळणावर उभा असतो.

इथवर सारे कौतुकाचेच. घरोघरी खटका उडतो तो पुढे, खेळाचा वाढीव भाग, म्हणजे ‘एक्स्पान्शन’, विकत घेण्याच्या वेळी. मूळ खेळाचे पैसे एकदा मोजले, मग आता पुन्हा कशाचे, हा वडिलांचा सवाल. आणि त्याशिवाय गंमतच नाही, हे चिरंजीवांचे ठरलेले उत्तर. वडिलांचा सवाल रास्त आहे. मात्र ही सगळी निव्वळ लूट आहे, हा त्यांचा निष्कर्ष घाईचा आहे.

कारण वाढीव भाग सारखे नसतात. ‘एम्पायर’चेच पाहावे. त्याच्या जोडीने पूर्वेकडील खाशा पलटणींचा म्हणून एक संच विकला गेला. त्यात मिळतात त्या नव्या तुकड्या. नवा नकाशा नाही की नवी मोहीम नाही. जुन्याच पटावर चार रंगीत सोंगट्या वाढवाव्यात, तसाच हा प्रकार. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या ‘वॉरपाथ’ या विस्तारात मोहीम खरोखरच नवी होती. पण ती उत्तर अमेरिकेतील पाच मूलनिवासी जमातींची. तिची गोडी असलेल्याने ती खुशाल घ्यावी. मराठ्यांसाठी खेळ घेतलेल्या मुलाच्या पदरात तिच्यातून काहीच पडत नाही.

याउलट उदाहरण ‘एज ऑफ एम्पायर्स २’चे. २०१३ पासून त्यात ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली सारा खंडप्राय देश कोंबलेला होता. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने द्रविड, बंगाली आणि गुर्जर अशा तीन सत्ता दिल्या, शिवाय राजेंद्र चोळ, देवपाल व बाबर यांच्या मोहिमाही दिल्या. किंमत दहा डॉलरांच्या आत. राजेंद्र चोळाच्या आरमाराला शालेय पुस्तकात किती ओळी मिळतात, हे आठवले तर ही किंमत जड वाटू नये.

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’चे गणित मात्र अवघड आहे. २०१८ मध्ये त्याचा ‘धर्म’ नावाचा विस्तार आला. भारताचा सुधारलेला, अधिक बारकाव्यांचा नकाशा त्यासोबतच्या मोफत सुधारणेतून सर्वांनाच मिळाला. पैसे होते ते व्यापारी कंपन्यांत गुंतवणूक करण्याच्या सोयीसारख्या वाढीव तरतुदींचे. जे उत्तम, ते फुकटच मिळाले होते! पण या खेळाचे असे भाग वर्षानुवर्षे निघत राहिले आणि सगळ्यांची छापील बेरीज मूळ किमतीच्या कितीतरी पट झाली. शेवटी कंपनीने मासिक वर्गणीचीही सोय केली. पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत मोजण्याची हौस येथे कामाची नाही. वर्षातून अनेकदा सवलतीचे दिवस येतात, तोवर थांबलेल्याचे काहीही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. २००७ साली ‘द एशियन डायनॅस्टीज’ हा, १८५७ च्या समराची मोहीम असलेला विस्तार खोक्यात, चकतीवर मिळत असे. थोरल्याचा खेळून झाला की ती चकती धाकट्याकडे जाई. आता विकत मिळतो तो केवळ परवाना. कॅलिफोर्नियातील नव्या कायद्यामुळे ‘स्टीम’ या विक्रीस्थळाला २०२४ पासून हे खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगावे लागले. मालकी नसलेल्या वस्तूला मालकीची किंमत देताना हात थोडा आखडलेलाच बरा.

तरीही खरी उणीव निराळीच आहे. संताजी घोरपड्यांनी १६९५ मध्ये कासिमखानाला दोद्देरीच्या गढीत कोंडून उपासमारीने जेरीस आणले, तेव्हा बादशहा ब्रह्मपुरीलाच होता. रसद तोडायची, पिछाडीवर तुटून पडायचे आणि मोठी फौज अंगावर येण्याआधी दिसेनासे व्हायचे, हे त्या युद्धाचे मर्म होते. ‘एम्पायर’मध्ये मात्र फौजेला रसद लागतच नाही; पगाराची रक्कम भरली की सैन्य कोठेही, कितीही काळ तळ ठोकून राहते. म्हणजे मराठे पडद्यावर आहेत, पण त्यांचे हत्यार काढून घेतलेले. नव्या पलटणी विकून ते परत येत नाही. भीमाकाठच्या त्या छावणीची दाणावैरण तोडता येईल असा विस्तार कोणी उद्या विक्रीला काढला, तर सोलापूरच्या वडिलांनी सवलतीची वाटही न पाहता पूर्ण किंमत मोजावी.