खोड सांगून विकावी

(द्वितीय वर्ष, कला)

अपुरी गाडी विकणे हे पुरी गाडी विकण्यापेक्षा अवघड काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चालती गाडी स्वतःच बोलते. किल्ली फिरवली की तिचे गुणदोष पाच मिनिटांत गिऱ्हाइकाच्या कानी पडतात. पण जिचे इंजिन पोत्यात, कार्ब्युरेटर बेपत्ता आणि दारे दोरीने बांधलेली, तिच्याबद्दल बोलणारा विकणारा तेवढा एकटाच उरतो. म्हणून त्याने न विचारता सगळे सांगितले पाहिजे, नव्हे, कागदावर लिहून दिले पाहिजे. आमच्या घरात सध्या याच मतावरून वाद चालू आहे, तेव्हा वाचकांनी हे मत हवेतले समजू नये.

गाडी कोणती ते आधी सांगते. अमेरिकेत १९६४ साली पॉन्टियाक कंपनीने जीटीओ नावाची गाडी काढली. अंग मध्यम आणि आत ६.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन! अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ हे नाव पडले. आपण कोल्हापूरकर पैलवान गाडी म्हणू. आपल्या देशात त्या अंगलटीची म्हणून शौकीन लोक जिच्याकडे बोट दाखवतात ती कॉन्टेसा. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीचा जुना साचा घेऊन हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ मध्ये बाजारात आणली. लांब नाक, रुंद खांदे, पुढे चार दिवे. आणि आत मात्र अँबॅसिडरचेच दीड लिटरचे इंजिन. अंग खासबागेतल्या मल्लाचे आणि दम शाळकरी पोराचा! पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवले तेव्हा तिला खरा दम आला. २००२ साली तिचे उत्पादन थांबले.

आमची गाडी इसुझू इंजिनाचीच. आप्पा तेव्हा एका गॅरेजमध्ये मेस्त्री होते. २०११ साली त्यांनी ती बंद अवस्थेत पस्तीस हजारांना घेतली. सवडीने दुरुस्त करू आणि सणासुदीला लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊ, असा बेत होता. इंजिन उतरवले, उद्यमनगरातून बोअर करून आणले, आणि तेवढ्यात पैसा संपला. नंतर गॅरेजही बंद पडले. आता आप्पा दुसऱ्याचा टेंपो चालवतात. गाडी चिंचेखाली उभी आहे. लहानपणी आम्ही भावंडे तिच्यात बसून पंढरपूरला जाऊन येत असू.

हल्ली अशा गाडीला ‘प्रोजेक्ट’ म्हणण्याची रीत पडली आहे. अपुरे काम म्हटले तर भाव पडतो, प्रोजेक्ट म्हटले तर चढतो. शब्दाची गंमत पाहा! काम तेच, गंज तोच. फक्त आपले मोडलेले स्वप्न दुसऱ्याच्या गळ्यात हार घालावा तसे घातले जाते.

या धंद्यात नवख्याला एक गोष्ट उमगत नाही. गाडीत मोठी वस्तू नसली तर फारसे बिघडत नाही. लहान वस्तू नसली की घोडे अडते. इंजिनाचे काम कोल्हापुरात कधी अडले आहे? स्लीव्ह घाला, क्रँक घासून घ्या, बुश नवा पाडून घ्या. लेथवर बसलेला मेस्त्री नमुना बघून सुटा भाग बनवून देतो. पण मागच्या दिव्याची लाल काच लेथवर निघत नाही. पुढच्या काचेभोवतीचे रबर, दाराची पट्टी, बंपरचे कोपरे हे साच्यातले माल. कारखाना बंद होऊन वर्षे लोटली. ती काच मिळवायला माणूस गावोगावची भंगार दुकाने पालथी घालतो. म्हणून ‘इंजिन आहे, बाकी किरकोळ राहिलंय’ हे वाक्य जो विकणारा म्हणतो, त्याच्यापासून सावध राहावे. किरकोळातच सगळा खर्च असतो.

कागदांचेही तसेच. नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. म्हणजे कागद जिवंत करायचा तर गाडी चालती हवी, आणि कागद मेलेल्या गाडीत पैसा घालायला शहाणा माणूस कचरतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वारसा गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली खरी, पण ती पन्नास वर्षे पुऱ्या झालेल्यांना. अगदी पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ च्या आधी त्यात बसणार नाही.

आता वादाचे मूळ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या दारात पाणी आले आणि गाडी दारांच्या काचांपर्यंत बुडाली. आपल्या वाडीला पाणी नवे नाही. दत्तमंदिरात कृष्णामाई शिरली की आपण दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतो. पण मंदिराचा दगड धुऊन निघतो आणि गाडीचा पत्रा आतून सडतो, हा फरक आहे. दारांच्या खालच्या पोकळीत, पायरीच्या पत्र्यात गाळ बसतो. वरून रंग मारला की तो डोळ्यांना दिसत नाही. २०२१ ला आम्ही ती ट्रॅक्टरने ओढून वेळीच उंचावर नेली, पण पहिल्या बुडीचे काय?

इचलकरंजीचा एक तरुण गाडी बघून गेला. मागावर काम करतो, चार वर्षे पैसे साठवले आहेत म्हणाला. नव्वद हजारांवर बोलणे आले. पुराचे त्याने विचारले नाही.

आप्पांचे म्हणणे सरळ आहे. “इचारलं तर सांगू की. न इचारता आपणच आपल्या मालाला नावं का ठेवायची?” आणि खरे सांगायचे तर कायदाही बव्हंशी त्यांच्याच बाजूचा आहे. १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम मी मुद्दाम ग्रंथालयात बसून वाचले. त्यात उदाहरण घोड्याचे आहे. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून मालकाने लिलावात तो न बोलता विकला, तर ती फसवणूक नव्हे. पण पुढचे उदाहरण वाचताना मी थबकले. घेणारी जर त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे बापाचे कर्तव्य ठरते! म्हणजे आप्पा मला विकतील तर त्यांनी गाळ दाखवला पाहिजे, आणि इचलकरंजीच्या पोराला विकतील तर नाही. हा न्याय मला पटत नाही. जमीन विकणाऱ्याने लपलेला दोष सांगितलाच पाहिजे असे १८८२ चा कायदा म्हणतो; मग ज्याला जमीन घेणे उभ्या जन्मात शक्य नाही, ज्याची सारी ठेव एका गाडीत जाते, त्याने काय पाप केले?

कोणी म्हणेल, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला व्यवहार काय कळतो? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा हे मला बरेचदा ऐकावे लागते. पण त्या नव्वद हजारांतून माझे तिसरे वर्ष आणि पुढे बी.एड.ची तजवीज व्हायची आहे. भाव पडला तर झळ पहिल्यांदा मलाच लागणार. तरी मी म्हणते, लिहून द्या. पेठ वडगावच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो, पण बैल मारका असेल तर जाणता शेतकरी ते आधी सांगतो; कारण त्या बैलाजवळ उद्या कुणाचे तरी पोर उभे राहणार असते. गंजलेल्या पत्र्याच्या गाडीतही माणसेच बसतात.

दुसरा मुद्दा शुद्ध स्वार्थाचा. गाडी नावावरून उतरली नाही तर अपघाताची भरपाई मूळ मालकाच्या गळ्यात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा नमुना २९ आणि ३० भरल्याशिवाय गाडी दारातून हलवू नये. तेच कागद करताना उणिवांची यादी जोडायला असे किती श्रम पडतात?

यादी मी केली. एकवीस बाबी झाल्या. पहिली बाब पुराची, वर्षासकट. आप्पांनी ती दोनदा वाचून घेतली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग खाली स्वतःच्या अक्षरात बाविसावी बाब लिहिली: “गेर दुसरा अडकतो. उघडून बघितला नाही.” ही गोष्ट आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती.

यादी त्या तरुणाकडे पोचली आहे. त्याने पासष्ट हजार सांगितले, आप्पांनी पंचाहत्तर. गाडी अजून चिंचेखाली आहे.