विश्लेषण : भूमिगत कोळसा खाणीमुळे गावचे झरे आणि तलाव आटतात का? हे तपासायचं कसं?

कोळसा जमिनीखालून काढला की वरचं शेत, जंगल आणि गाव जागेवरच राहतं. भूमिगत खाणींच्या बाजूने हाच मुद्दा सर्वांत आधी मांडला जातो. केंद्र सरकारचाही या खाणींवर भर आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्यासाठी महसुली वाट्याची किमान अट ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणली गेली आणि आगाऊ रक्कमही माफ झाली. नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत अशा खाणी अनेक दशकांपासून आहेत. याच जिल्ह्यांत धानाला पाणी देणारे जुने मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलावही आहेत.

गाव जागेवर राहतं हे खरं. पण गावचं पाणी जागेवर राहतं का?

पाणी जातं कुठे?

पाणी जाण्याच्या मुख्य वाटा दोन.

पहिली वाट उपशाची. कोळशाच्या थरात आणि आसपासच्या वालुकाश्मात पाणी असतं. खाणीत काम करायचं तर ते पंपाने सतत बाहेर काढावं लागतं, आणि त्यामुळे भूजल पातळी खाली जाते. भूजल जिथे जमिनीवर येतं तिथे झरा असतो. पातळी थोडी उतरली तरी झरा बंद पडतो, पण विहिरीच्या तळाशी पाणी दिसत राहतं. म्हणूनच झरा ही धोक्याची पहिली घंटा असते.

दुसरी वाट भेगांची. सुरुवातीला कोळशाचे खांब ठेवून छताला आधार दिला जातो. तोवर वर फारसं काही जाणवत नाही. शेवटच्या टप्प्यात हे खांबही काढतात. त्याला डिपिलरिंग म्हणतात. मग छत कोसळतं आणि वरची जमीन खचते. ३ मीटर जाडीचा थर पूर्ण काढला तर जमीन दीड मीटर किंवा त्याहूनही जास्त खचू शकते. खचलेल्या भागाच्या कडेला माती ताणली जाते आणि भेगा पडतात. अशी भेग तलावाच्या तळातून किंवा पाळीतून गेली की पाणी मुरायला लागतं.

प्रत्येक ठिकाणी असंच होतं का?

नाही. खाण खोल असेल, मध्ये चिकणमातीचे जाड थर असतील किंवा पोकळीत वाळू भरली असेल, तर तलावाला धक्काही न लागण्याची शक्यता असते.

याउलट, ऑस्ट्रेलियात सिडनीला पाणी पुरवणाऱ्या क्षेत्रातल्या वाराटा रिव्ह्युलेट या ओढ्याखाली लाँगवॉल पद्धतीने कोळसा काढला गेला. ओढ्याचा खडकाळ तळ तडकला, काही ठिकाणी प्रवाह जमिनीखाली गेला आणि लोहामुळे पाण्याला तांबूस रंग आला.

थोडक्यात, उत्तर जागेनुसार बदलतं. त्यामुळे आधीची तपासणी महत्त्वाची ठरते.

तपासणीत कच्चा दुवा कोणता?

पर्यावरण परवानगीसाठीच्या अहवालात पाण्याची आधारभूत माहिती सहसा एकाच हंगामाची असते, आणि तो हंगाम पावसाळ्याबाहेरचा असतो. पण झऱ्याचं आयुष्य एका हंगामात कळत नाही. तो दिवाळीनंतर किती वाहतो, मार्चमध्ये किती, कमी पावसाच्या वर्षी कधी आटतो, हे पाहायला काही वर्षांच्या नोंदी लागतात.

त्या नसतील तर पुढे वाद अडतो. तलाव आटला की एक बाजू खाणीकडे बोट दाखवते, दुसरी कमी पावसाकडे. डिपिलरिंग खाण सुरू झाल्यावर कित्येक वर्षांनी होत असल्यामुळे तोवर आधी काय होतं हे सिद्ध करणं आणखी कठीण होतं.

कायदा काय सांगतो?

नदी, तलाव किंवा जलाशयाखाली कोळसा काढायचा तर खाण सुरक्षा यंत्रणेची लेखी परवानगी लागते. मात्र या नियमाचा रोख वरचं पाणी खाणीत घुसून कामगार दगावू नयेत यावर आहे. १९७५ मध्ये धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास कामगारांचा जीव गेला होता, त्यामुळे हा नियम हवाच. पण तो खाणीला तलावापासून वाचवतो. तलावाला खाणीपासून वाचवण्याचं काम पर्यावरण परवानगीच्या अटींवर येऊन पडतं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९९४ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. खाणीच्या ठरावीक टापूतलं पाणी गेलं, तर ते खाणीमुळेच गेलं असं आधी गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते.

जनसुनावणीत काय विचारायचं?

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. तो वाचताना हे प्रश्न उपयोगी पडतील :

- गावातला प्रत्येक झरा, विहीर आणि तलाव नकाशावर आहे का?
- डिपिलरिंग कोणत्या वर्षी, कोणत्या तलावाखाली होणार?
- पोकळीत वाळू भरणार की छत पाडणार?
- रोज किती पाणी उपसणार आणि ते कुठे सोडणार?
- पाणी गेलं तर पर्यायी पाणी कोण देणार, किती वर्षं?

नोंदींचं काम गावालाही करता येतं. झऱ्याखाली बादली भरायला किती सेकंद लागतात, विहिरीचं पाणी किती हात खाली आहे, तलावात पाणी कुठवर आहे, हे दर महिन्याला तारखेसह लिहून फोटो काढायचा. सोबत खाणीपासून लांबच्या, पण तेवढाच पाऊस पडणाऱ्या गावातल्या एका तलावाचीही नोंद ठेवायची. लांबचा तलाव भरलेला आणि खाणीजवळचा कोरडा असेल, तर कमी पावसाचं कारण पुढे करणं अवघड जातं.

पण ही वही खाण सुरू होण्याआधी उघडलेली हवी. नंतर केलेल्या नोंदीत आटलेला झरा दिसेल, तो आधी किती वाहत होता ते दिसणार नाही.