पाच चांदण्यांचा हिशेब

आमच्या इमारतीतल्या चौघीजणी मिळून भाजणी, मेतकूट, लोणची विकतात. माझ्या पुतणीने त्यांना इंटरनेटवर एक पान करून दिले. प्रत्येक पदार्थाखाली पाच चांदण्या. आवडीप्रमाणे गिऱ्हाइकाने दाबायच्या. महिनाभरात भाजणीला पाचपैकी पाच! चौघी खूश. पण भाजणी दुसऱ्यांदा कोणी मागवेना.

पुतणीने तपासले, तर चूक तिचीच निघाली. पान उघडताच पाचही चांदण्या आधीच पिवळ्या दिसत होत्या. "काकू, ज्यांनी काही न दाबताच 'पाठवा' केलं, त्यांचेही पाच धरले गेले," ती ओशाळून म्हणाली.

तिने चांदण्या कोऱ्या केल्या. कोणी चांदणी दाबल्याशिवाय मत जाणारच नाही, अशी सोय केली. आठ दिवसांत दोन-तीन चांदण्यांची मते आली, आणि शेजारी कारणही : भाजणीला खवट वास येतो. पिशव्यांची तोंडे नीट बंद होत नव्हती!

तसे पाहिले तर चांदण्यांमागची करामत साधी. पाच पर्याय, त्यातला एकच निवडता येतो. तिसरी दाबली की पहिल्या तीन रंगतात. बोटाने दाबता याव्यात इतक्या त्या मोठ्या हव्यात. अंध व्यक्तीच्या फोनने "पाचपैकी तीन" असे वाचूनही दाखवायला हवे. एका माणसाचे एकच मत धरायचे. मग सगळ्या मतांची बेरीज भागिले मतांची संख्या, झाली सरासरी.

खरी गंमत या सरासरीत आहे. एका लोणच्याला एकच मत, तेही पाचाचे, सरासरी ५. दुसऱ्याला २०० मते, सरासरी ४.६. मग पहिले सरस का? यावर एक तोड आहे. दोन्हींत तीन-तीन चांदण्यांची पाच काल्पनिक मते मिसळा. पहिले घसरून ३.३ वर येते, दुसरे ४.५६ वर टिकते. एकट्यादुकट्या मताचा तोरा उतरतो.

खोट्या मतांचा उपद्रव वाढल्यावर भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणले. तरी आपले डोळे उघडे हवेतच. खरेदीपूर्वी चांदण्यांबरोबर मतांची संख्या पाहा. दोन-तीन चांदण्या देणाऱ्यांनी काय लिहिले आहे ते आधी वाचा. वस्तूचे गुणदोष बहुधा तिथेच कळतात. आणि स्वतः मत देताना भिडेखातर पाच देऊ नका, रागाच्या भरात एकही नको.

आमच्या चौघींच्या भाजणीला आता ४.३ चांदण्या आहेत, खाली ६१ मते. आणि मुख्य म्हणजे, भाजणी पुन्हा मागवली जाते आहे.