एका चित्रावरून निदान नको

पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी लांबते. आई तिची सोनोग्राफी करून आणते. अहवालात ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’ हे शब्द दिसतात आणि त्याच सायंकाळी घरात तिच्या लग्नाची व संततीची चिंता सुरू होते. ही चिंता अनाठायी आहे, असे आम्हांस स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या निरीक्षणावरून या विकाराचे वर्णन केले. २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी निदानाची कसोटी ठरविली. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारे विशिष्ट बीजकोश, या तीन लक्षणांपैकी दोन तरी हवीत. शिवाय थायरॉईड, प्रोलॅक्टिन व अधिवृक्क ग्रंथीचे विकार नाहीत, याची खात्री करावयाची. म्हणजे पहिली दोन लक्षणे स्पष्ट असल्यास सोनोग्राफीवाचून निदान होते. नुसत्या सोनोग्राफीवरून मात्र ते होत नाही. चित्रात दिसतात त्या ‘गाठी’ही नव्हेत, ती पूर्ण वाढ न झालेली बीजपुटके असतात.

कोवळ्या वयात अशी पुटके अधिक दिसणे स्वाभाविक असते. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार किशोरींच्या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घ्यावयाचा नाही. पहिली दोन्ही लक्षणे असणे आवश्यक मानले आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर ती अनियमित असणे नैसर्गिकच आहे.

याचा अर्थ दुर्लक्ष करावे, असा नव्हे. तीन वर्षांनंतरही पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येत असेल, हनुवटीवर राठ केस उगवत असतील, तर ‘लग्न झाले की सारे ठीक होईल’ हे सांत्वन घातक आहे. या विकारात मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून रक्तशर्करेची तपासणी निदानासोबतच व्हावयास हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील अशा ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नाही. एकीकडे घाईचा शिक्का, दुसरीकडे वर्षानुवर्षांची उपेक्षा, असा हा विपर्यास आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. डॉक्टरांनी आधी मुलीचे म्हणणे ऐकावे, पाळीच्या तारखा विचाराव्यात, मग यंत्राकडे वळावे. आयांनी लेकींना त्या तारखा लिहून ठेवावयास शिकवावे. आणि ज्या घरांत पाळी हा शब्द अजूनही कुजबुजत उच्चारला जातो, तेथील वडीलधाऱ्यांनी तो संकोच सोडावा. मुलीचे आरोग्य तिच्या लग्नासाठी नव्हे, तिच्या स्वतःसाठी जपावयाचे असते.