आधी दुसरा स्लॉट भरा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, त्यामुळे कार्यालयांतले असे संगणक सेकंडहँड बाजारात येणं ओघानंच आलं. सिकंदराबादचं सीटीसी असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पूर्णा शहरातल्या कॉलेजच्या पोराला परवडतो तो बहुधा असाच एखादा डबा: डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०२०, आत चौथ्या पिढीचा आय-५ ४५९०, आठ जीबीची एकच रॅम आणि नंतर बसवलेलं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक कार्ड. त्यावर गेम अडखळला की पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘फास्ट रॅम टाक.’ सल्ला अगदीच खोटा नाही. पण ज्याला तो दिला जातो, त्याच्याच यंत्रात तो बहुतेक वेळा लागू पडत नाही.

आधी सल्ल्यातलं तथ्य पाहू. आय-५ ४५९० कडे एल-३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, फक्त ६ एमबी आहे. गेमला हवी ती माहिती तिथे सापडली नाही की प्रोसेसरला रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि त्या एका खेपेत त्याचे क्लॉकचे दोनशेच्या वर ठोके नुसते वाट पाहण्यात जाऊ शकतात. साठ एफपीएस हवे असतील तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. अशा खेपा साचत गेल्या की सरासरी आकडा चांगला दिसूनही मधेच झटका बसतो. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरवर तब्बल ९६ एमबी एल-३ कॅश बसवली. त्याचा क्लॉक साध्या ५८००एक्सपेक्षा कमी होता, तरी बहुतेक गेममध्ये तोच पुढे राहिला. म्हणजे गेमचा जीव मेमरीची वाट पाहण्यात अडकतो हे खरंच, आणि कॅश तोकडी असलेल्या जुन्या प्रोसेसरला वेगवान रॅमचा फायदा व्हायला हवा हा तर्कही बरोबर.

तो प्रत्यक्षात दिसलाही आहे. ब्रिटनच्या ‘डिजिटल फाउंड्री’ने २०१६ मध्ये, बाजारात येऊन तेव्हा पाच वर्षं झालेल्या आय-५ २५००के या प्रोसेसरवर, वेगवान डीडीआर-३ रॅम लावून गेम तपासले, तेव्हा फ्रेम स्पष्ट वाढल्या. यूट्यूबवरचे आजचे व्हिडिओही असंच दाखवतात. पण त्या चाचणीची मांडणी नीट बघायला हवी. मदरबोर्ड रॅमचा वेग वाढवू देणारा होता, आणि ग्राफिक कार्ड त्या काळातल्या सर्वांत ताकदवान कार्डांपैकी होतं. चाचणी घेणाऱ्याला प्रोसेसरच अडवणारा हवा असतो, म्हणून तो कार्डाला मोकळं सोडतो. आपल्याकडच्या डब्यात नेमकं उलटं घडतं. १०५० टीआय आधीच धापा टाकत असतं, प्रोसेसर त्याची वाट पाहत बसतो. मग रॅमने प्रोसेसरचा वेळ वाचवला तरी त्या वाचलेल्या वेळाचं करायचं काय?

दुसरी अडचण मदरबोर्डची. ऑप्टिप्लेक्स ३०२० वर एच८१ चिपसेट आहे, तिथे रॅम १६०० च्या पुढे जात नाही. १८६६ किंवा २१३३ ची स्टिक लावली तरी ती १६०० वरच चालणार. डीडीआर-४ आल्यावरही हीच कथा: एच११०, बी२५०, एच३१० या स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरची अधिकृत मर्यादा हीच शेवटची, मग ती सातव्या पिढीची २४०० असो की आय-५ ८४०० ची २६६६. ३२०० ची स्टिक तिथे तेवढ्यावरच धावते. शिवाय ३२०० हा आकडाही पूर्ण गोष्ट सांगत नाही. सीएल (पहिल्या उत्तराला लागणारे ठोके) २२ ची साधी ३२०० स्टिक पहिला डेटा द्यायला १३.७५ नॅनोसेकंद घेते. सीएल ११ ची जुनी डीडीआर-३ १६०० स्टिकही तेवढेच घेते. प्रवाह दुप्पट झाला, पहिली वाट तेवढीच राहिली. (सीपीयू-झेडमध्ये ७९८ मेगाहर्ट्झ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, ती १६०० च आहे.)

या डब्यांमध्ये खरी गळती वेगळीकडे असते. एकच स्टिक म्हणजे एकच चॅनेल: १६०० वर सेकंदाला १२.८ जीबी. तशीच दुसरी स्टिक लावली की २५.६ जीबी. बोर्डाने परवानगी दिली असती तरी २१३३ ची एकटी स्टिक १७ जीबीवर थांबली असती. पूर्णेवरून जाणारा परभणी-मुदखेड रेल्वेमार्ग एकेरी होता तेव्हा क्रॉसिंगला खोळंबलेल्या गाड्या पूर्णेकरांनी भरपूर पाहिल्या आहेत. इंजिन जोरदार असून ती वाट पाहणं टळत नव्हतं, दुसरा रूळ पडला तेव्हा टळलं. शिवाय दुसऱ्या स्टिकने आठाचे सोळा जीबी होतात. आजचे गेम आणि मागे उघडं राहिलेलं क्रोम पाहता तो फायदाही लहान नाही.

अपवाद आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. २०१७ पासूनच्या पहिल्या रायझन पिढ्यांमध्ये प्रोसेसरचे आतले भाग जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्याच क्लॉकवर चालतं. तिथे बी३५० किंवा बी४५० बोर्डावर २१३३ वरून ३२०० ला जाणं पैसे वसूल करतं, आणि कित्येकदा पैसेही लागत नाहीत, कारण घेतलेली ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी ही सेटिंग चालू न केल्याने २१३३ वर पडून असते. रायझन ३ २२००जी सारख्या अंगभूत ग्राफिक्सवाल्या चिपला तर रॅम हीच व्हिडिओ मेमरी. तिथे दोन चॅनेल आणि वेग दोन्ही हवेत.

मात्र इंटेलचा जुना ऑफिस डबा असेल तर वेगाच्या लेबलवर एक रुपयाही जास्त घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन ओढून घेतल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅम कडाडली आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा खरेदीआधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि किती स्लॉट वापरात आहेत ते वाचा. दोनपैकी एकच असेल तर आहे त्याच वेगाची, तेवढ्याच जीबीची जुनी स्टिक शोधा. दोन्ही भरलेले असतील, जीबीही पुरेसे असतील आणि तरी गेम अडखळत असेल, तर रॅमचा विषय तिथेच सोडा आणि पैसे ग्राफिक कार्डासाठी साठवा.