निर्णय कागदावर, शिक्षक मैदानावर

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचाही प्रश्न मांडला. दरमहा १२ रुपयांहून कमी कोणालाच नको, मोठ्या गावांत १५ ते २० द्या, असे त्यांनी बजावले. शिक्षकाला उपाशी ठेवून बहुजनांची मुले शिकत नाहीत, हे ते जाणून होते.

महाराष्ट्र शासनाला मात्र हे उमगलेले नाही. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचा ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला. पहिले २० टक्के अनुदान मंजूर व्हायला २०१६ उजाडले. वाढीव २० टक्क्यांचा आणखी एक टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झाला. पण निधीची तरतूदच नव्हती. जुलै २०२५ मध्ये भर पावसाळ्यात शिक्षक आझाद मैदानावर बसले, तेव्हा कुठे शासन हलले. शासन निर्णय दाखवून किराणा दुकानदाराची उधारी फिटत नाही!

आम्ही विचारतो, वर्षानुवर्षे बिनपगारी कोण राबू शकतो? ज्याच्या घरी शेतीवाडी आहे तो. भूमिहीनाचा शिकलेला मुलगा किती दिवस तग धरणार? तो शाळा सोडून मिळेल त्या मजुरीला लागतो आणि राखीव जागा नावापुरती उरते. पगार न देता आरक्षण संपवण्याची ही बिनबोभाट रीत आहे.

म्हणून हा केवळ शिक्षक संघटनांचा प्रश्न नव्हे, आपल्या चळवळीचाही आहे. निर्णय आणि निधी एकाच दिवशी, हीच आपली मागणी असली पाहिजे.